कुंपणाच्या आतील हिरवळ : उच्च शिक्षणसंस्थांच्या कार्बन-बांधिलकीची चिकित्सा
(यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत भारतीय उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. ‘हरित लेखापरीक्षण अहवाल’ हे त्याचे नाव. त्याचे स्वरूप आता जवळजवळ ठरून गेले आहे. मुखपृष्ठावर प्रवेशद्वार आणि बहरलेला गुलमोहर, आत प्राचार्यांचे मनोगत, त्यानंतर परिसरातील वृक्षांची शास्त्रीय नावांसह यादी, वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि अखेरीस प्रमाणपत्र. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, सातव्या निकषाखाली हा अहवाल पुरावा म्हणून जोडला गेला आणि तेथेच त्याचे कार्य संपले. तो तपासला गेला, परंतु क्वचितच वाचला गेला.

प्रस्तुत लेखात हा अहवाल एक संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. कोणतीही संहिता ती काय सांगते यावरून जशी ओळखली जाते, तशीच ती काय वगळते यावरूनही ओळखली जाते. या वाचनातून पुढे येणारे प्रतिपादन असे : हरित लेखापरीक्षणाची सीमा महाविद्यालयाच्या कुंपणाशी संपते, परंतु ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या उत्सर्जनाचा मोठा भाग कुंपणाबाहेर, वीजवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला आणि रस्त्यावर घडत असतो. सीमाच चुकीची आखली गेल्यामुळे त्या आधारे दिलेली हवामानविषयक बांधिलकी कितीही प्रामाणिक असली, तरी ती अपुरी ठरते. येथे रोख कोणत्याही एका संस्थेवर नाही; तो आराखड्यावर आहे.

बांधिलकीची पार्श्वभूमी

शिक्षणसंस्थांनी पर्यावरणाची जबाबदारी स्वीकारावी, हा विचार नवा नाही. १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार येथे जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी या आशयाचे घोषणापत्र प्रसिद्ध केले होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणासंबंधी निर्देश दिले आणि पुढे पदवी स्तरावर ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय सक्तीचा झाला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकने २०१७ नंतरच्या सुधारित आराखड्यात पर्यावरणजाणिवेला गुणांकनात स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘सतत’ या नावाने पर्यावरणस्नेही परिसराचा आराखडा पुढे आणला. राज्य शासनाने २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले.

या घटनाक्रमाकडे पाहता शब्दांची उणीव नव्हती असे दिसते. उणीव होती ती हिशेबाची. बांधिलकी या शब्दाला अर्थ प्राप्त होण्यासाठी किमान तीन गोष्टी आवश्यक असतात : आज आपले उत्सर्जन किती आहे याची नोंद, ते किती वर्षांत कितीने कमी करावयाचे याचा संकल्प आणि संकल्प न पाळल्यास उत्तर देणारी व्यक्ती किंवा यंत्रणा. हरित लेखापरीक्षणाच्या रूढ नमुन्यात यांपैकी पहिलीच गोष्ट अर्धवट असते. पुढील दोहोंचा प्रश्न मग उद्भवतच नाही.

अहवाल काय मोजतो

प्रस्तुत लेखकाने जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात सातव्या निकषाच्या समितीवर काम केले आहे. त्या कामाचा मोठा भाग वृक्षगणनेचा होता. दोन विद्यार्थी खडूने खोडांवर क्रमांक टाकीत पुढे जात आणि लेखक वहीत नोंद करीत असे. कडुनिंब, करंज, सप्तपर्णी, अशोक. जुलैत लावलेली आणि एप्रिलच्या उन्हात जळालेली रोपेही यादीत राहिली, कारण ती लावल्याची छायाचित्रे उपलब्ध होती. ती नोंद लेखकाच्याच हस्ताक्षरात आहे, हे येथे नमूद करणे उचित होय.

वृक्षसंख्या निश्चित झाल्यानंतर तिला एका ठरावीक आकड्याने गुणण्यात येते. एक प्रौढ वृक्ष वर्षाला सुमारे २० ते २२ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो, हे विधान अशा अहवालांत वारंवार आढळते. वस्तुतः शोषणाचे प्रमाण वृक्षाची जात, वय, खोडाचा घेर, जमीन आणि पाऊस यांनुसार बदलते. पन्नास वर्षांचा कडुनिंब आणि शोभेसाठी ओळीने लावलेला सरळसोट अशोक यांना एकाच मापाने मोजणे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटणार नाही. तथापि अहवालात हा गुणाकार निर्वेधपणे पार पडतो.

दुसरे उदाहरण वाहनांचे. नॅकच्या आराखड्यात परिसरातील वाहनप्रवेशावर निर्बंध, सायकलींचा वापर, पादचारी मार्ग, प्लास्टिकबंदी आणि वृक्षलागवड या उपक्रमांची विचारणा होती. हेतू स्तुत्य होता. परंतु ‘परिसरात वाहनप्रवेश निर्बंधित’ या अटीची पूर्तता वाहनतळ प्रवेशद्वाराच्या बाहेर हलवूनही करता येते आणि ती तशी केली जाते. मोटारसायकल तितकेच अंतर कापून येते, तितकेच पेट्रोल जाळते. फक्त शेवटचे शंभर पाऊल विद्यार्थी पायी चालतो. महिन्यातून एकदा ‘वाहनविरहित दिन’ पाळला जातो, त्या दिवशी सायकलींसह छायाचित्र काढले जाते आणि दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरची रांग पूर्ववत होते. येथे खोटे काहीच लिहिलेले नसते. जे विचारले, त्याचेच उत्तर दिलेले असते. म्हणूनच दोष उत्तरापेक्षा प्रश्नात अधिक आहे.

अहवाल काय वगळतो

हरितगृह वायूंच्या लेखांकनासाठी जगभर प्रचलित असलेल्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ने उत्सर्जनाच्या तीन कक्षा मानल्या आहेत. संस्थेच्या मालकीच्या वाहनांतून, जनित्रांतून आणि चुलींतून होणारे उत्सर्जन पहिल्या कक्षेत येते. विकत घेतलेल्या विजेमागील उत्सर्जन दुसऱ्या कक्षेत येते. संस्थेच्या कार्यामुळे घडणारे, परंतु तिच्या मालकीच्या साधनांतून न होणारे उर्वरित सर्व उत्सर्जन, म्हणजे ये-जा, खरेदी, कागद, बांधकाम आणि कचरा, ही तिसरी कक्षा होय.

ग्रामीण महाविद्यालयात पहिली कक्षा अल्प असते. दुसरी कक्षा मात्र यवतमाळ जिल्ह्याला परकी नाही. जिल्ह्याच्या पूर्वेस वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळशाच्या धुळीने माखलेले रस्ते आणि त्या रस्त्यांच्या कडेचे कापसाचे शेत हे दृश्य त्या भागातील विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. शेजारच्या चंद्रपूर येथे २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे साधारण ०.७ किलोग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे वर्गातील पंखा फिरतो तेव्हा धूर इथे दिसत नाही. तो दुसऱ्या तालुक्याच्या किंवा दुसऱ्या जिल्ह्याच्या आकाशात असतो. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

तिसऱ्या कक्षेचे आकारमान लक्षात यावे म्हणून एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. पुढील संख्या गृहीत आहेत. हिशेबाची रीत मात्र प्रचलित आहे. या महाविद्यालयात सुमारे १,००० विद्यार्थी आहेत आणि परिसरात ३०० वृक्ष आहेत. दरमहा २,००० युनिट वीज वापरली जाते. १०० विद्यार्थी मोटारसायकलीने रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर प्रवास करतात आणि आठ प्राध्यापक जिल्ह्याच्या ठिकाणाहून आपापल्या मोटारीने जाऊन-येऊन ८० किलोमीटर. कामाचे दिवस २०० धरू. वर्षाची वीज २४,००० युनिट, म्हणजे सुमारे १७ टन उत्सर्जन. मोटारसायकली मिळून ६ लाख किलोमीटर धावतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि लिटरमागे सुमारे २.३ किलोग्रॅम उत्सर्जन धरल्यास सुमारे ३१ टन. आठ मोटारी १,२८,००० किलोमीटर धावतात. लिटरला १६ किलोमीटर धरल्यास सुमारे १८ टन. एकूण ६६ टनांच्या आसपास. यांत बस, कागद, सिमेंट आणि उपाहारगृहातील गॅस धरलेला नाही.

आता अहवालातील उदार आकडा स्वीकारला, तरी ३०० वृक्ष वर्षाला सहा टनांहून थोडे अधिक शोषतील. एकूण उत्सर्जनाच्या दहाव्या भागाइतकीही ही भरपाई होत नाही. आणि या ६६ टनांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग केवळ ये-जा करण्याचा आहे, ज्याविषयी रूढ अहवालात एकही रकाना नसतो.

संलग्न विद्यापीठ आणि रस्ता

निवासी विद्यापीठाच्या बाबतीत परिसर आणि संस्था या दोन संकल्पना बऱ्याच अंशी एकरूप असतात. विद्यार्थी तेथेच राहतात, तेथेच शिकतात. म्हणून पाश्चात्त्य विद्यापीठांनी विकसित केलेली परिसरकेंद्री मोजणी त्यांच्यापुरती अर्थपूर्ण ठरते. आपल्या राज्यातील अनेक विद्यापीठे संलग्न स्वरूपाची आहेत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि पुढे संत गाडगेबाबांचे नाव लाभलेल्या अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पसरलेले आहे. अशा विद्यापीठाचे खरे आकारमान त्याच्या मुख्य परिसरात सामावत नाही. ते उमरखेडच्या वर्गात, झरी-जामणीच्या प्रयोगशाळेत आणि या दोहोंना अमरावतीशी जोडणाऱ्या रस्त्यांवर असते.

उमरखेड ते अमरावती हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. एका कामासाठी मोटार जाऊन आली, तर साधारण २५ लिटर इंधन आणि ५५ ते ६० किलोग्रॅम उत्सर्जन होते. ते शोषून घेण्यासाठी, अहवालाच्याच मापाने, तीन वृक्षांचे जवळजवळ एक वर्ष खर्ची पडते. संलग्नीकरण समित्या, परीक्षेची भरारी पथके, अभ्यासमंडळांच्या बैठका, उत्तरपत्रिकांची ने-आण, मूल्यांकनासाठीचे प्रवास हे सर्व संलग्न रचनेचे नित्यकर्म होय. करोनाकाळात यांपैकी कितीतरी बैठका दूरस्थ पद्धतीने झाल्या, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ज्या प्रवासाला पर्याय सिद्ध झाला आहे, तो प्रवास पुन्हा सुरू करताना तरी त्याची नोंद व्हावयास हवी.

येथे एक तांत्रिक अडचण आहे. महाविद्यालयाच्या दृष्टीने हा प्रवास विद्यापीठाचा आणि विद्यापीठाच्या दृष्टीने महाविद्यालयाचा. परिणामी तो कोणाच्याच खात्यावर चढत नाही. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढायचा, असा जो वाद गावोगाव होतो, त्याच जातीची ही अडचण आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. यवतमाळसारख्या जिल्ह्याने, जेथील कोरडवाहू शेतकरी कर्ज आणि अनियमित पाऊस यांच्या कात्रीत सापडला आहे, कार्बनचा हिशेब का द्यावा? अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जागतिक तापमानवाढीच्या चर्चेतील विषमतेकडे लक्ष वेधले होते. जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांना एकाच तराजूत तोलणे अन्याय्य आहे, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही. उलट, या संकटाची झळ याच जिल्ह्याला आधी बसते. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. त्या तांड्याचा वातावरणातील कार्बनमध्ये वाटा किती?

हा आक्षेप मान्य करावाच लागेल. परंतु त्यातून हिशेब टाळण्याचे समर्थन निघत नाही, अधिक बारकाईने हिशेब करण्याचे निघते. वरील काल्पनिक उदाहरणाकडे पुन्हा पाहू. मोटारसायकलीने येणाऱ्या विद्यार्थ्याचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ०.३ टन, तर मोटारीने येणाऱ्या प्राध्यापकाचे सुमारे २.३ टन. म्हणजे सातपटींहून अधिक. प्रस्तुत लेखकही जिल्ह्याच्या ठिकाणी राहून तालुक्याच्या महाविद्यालयात जातो. मुलांची शाळा आणि घर ही त्याची कारणे खरी असली, तरी आकडा बदलत नाही. विषमता केवळ देशादेशांत नाही. ती एकाच महाविद्यालयाच्या वाहनतळावरही आहे. ‘संस्था’ या एकाच शब्दाखाली सर्वांना झाकणारा अहवाल ही विषमता दिसू देत नाही आणि ‘विद्यार्थ्यांनी सायकल वापरावी’ असा उपदेश मात्र सहज करतो. पंधरा किलोमीटरवरून मे महिन्याच्या उन्हात परीक्षेला येणाऱ्या मुलाला हा उपदेश करण्याचा अधिकार मोटारीतून उतरणाऱ्याला कितपत पोहोचतो?

विद्यार्थी मोटारसायकलीकडे का वळतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. हौस हे एक कारण असेल, एकमेव नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा संप २०२१ च्या अखेरीस सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळात खेड्यांतील विद्यार्थ्यांना अन्य साधने शोधावी लागली. एकदा घरात हप्त्यावर मोटारसायकल आली की ती परत जात नाही. आणि जिच्या घरी दुसरे वाहन येऊ शकत नाही, अशी मुलगी शिक्षणातूनच बाहेर पडण्याचा धोका असतो. २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. परंतु सवलत असून बस वेळेवर नसेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. लेखकाच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके संपण्यापूर्वीच एका मार्गावरील शेवटची बस निघून जात असे. त्या मार्गावरच्या मुली प्रात्यक्षिक अर्धे टाकून उठत. हरित अहवालात याची नोंद कोठे करावी, हे तेव्हा कोणालाच सुचले नाही. आज मागे वळून पाहता असे वाटते, की ती आमच्या महाविद्यालयाच्या कार्बन-हिशेबातील सर्वांत महत्त्वाची नोंद ठरली असती.

घोषणेतून माघार : एक उदाहरण

मोठ्या घोषणांचे काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. या विद्यापीठाने २०१३ मध्ये, २०२५ पर्यंत आपण कार्बन-तटस्थ होऊ असे जाहीर केले. मुदत जवळ येऊ लागली तेव्हा प्रत्यक्ष उत्सर्जनातील घट अपुरी असून तटस्थतेचा दावा मुख्यतः इतरत्र विकत घेतलेल्या कार्बन-भरपाईवर उभा राहील, हे स्पष्ट झाले. २०२३ मध्ये विद्यापीठाने धोरण बदलले आणि २०१९ च्या तुलनेत २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. मुदत वीस वर्षांनी पुढे गेली, हे अपयश म्हणावे लागेल. परंतु ही माघार उघड करता आली, कारण मोजणी उपलब्ध होती. आपल्याकडील अहवालांत माघार घेण्याची वेळच येत नाही, कारण पुढे गेल्याची खूण कोठे केलेली नसते. भरपाई विकत घेणे आणि वृक्षसंख्येला २१ ने गुणणे या दोहोंमागील वृत्ती मात्र सारखीच आहे : उत्सर्जन आहे तसे ठेवून पुण्य जमेस धरणे.

काही सूचना

चिकित्सेने केवळ दोष दाखवून थांबू नये, या भूमिकेतून काही सूचना मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी, की वृक्षयादीच्या आधी महाविद्यालयाने बारा महिन्यांची वीजदेयके, जनित्राचे डिझेल, गॅस सिलिंडर आणि ये-जा यांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा. त्यासाठी बाहेरील सल्लागार संस्थेची आवश्यकता नाही. दुसरी, पर्यावरण अभ्यास या सक्तीच्या विषयातील प्रकल्पकार्य, जे अनेक ठिकाणी बाजारातील मार्गदर्शकांतून उतरवले जाते, ते याच मोजणीला जोडावे. विद्यार्थ्याने आपला वर्ग, आपले गाव आणि आपला प्रवास मोजावा. विषयाला त्यामुळे प्रथमच विषय मिळेल. तिसरी, संलग्न विद्यापीठाने महाविद्यालयांचे तक्ते एकत्र करून स्वतःचा संपूर्ण हिशेब मांडावा आणि समित्यांच्या प्रवासाचे स्वतंत्र खाते ठेवावे. चौथी, वेळापत्रक ठरवताना एसटी आगाराशी पत्रव्यवहार करून बसच्या वेळा आणि तासिकांच्या वेळा यांचा मेळ घालावा. एका मार्गावरील एक बस वेळेवर आली, तर किती मोटारसायकली घरी राहतील आणि किती मुली शेवटच्या तासाला बसतील, हे वर्षभरात मोजता येईल.

समारोप

वृक्ष लावू नयेत, असे या लेखाचे म्हणणे नाही. विदर्भाच्या उन्हात महाविद्यालयाच्या आवारातील कडुनिंबाची सावली ही स्वतःच एक मोठी देणगी आहे. तिला कार्बनच्या आकड्याचा आधार लागत नाही. आक्षेप आहे तो सावलीचा पडद्यासारखा उपयोग करण्याला.

ज्या संताचे नाव आपल्या विद्यापीठाला लाभले आहे, ते गावात आले की प्रथम हातातील खराट्याने रस्ता झाडीत आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. क्रम महत्त्वाचा होता. आपल्या संस्थांनी कीर्तन चांगले आत्मसात केले आहे. घोषणा, शपथा आणि प्रमाणपत्रे यांची वाण नाही. खराटा हाती घ्यावयाचा, तर तो फाटकाच्या आतल्या फरशीवर फिरवून भागणार नाही. जेथे आपल्या मोटारसायकली आणि मोटारी उभ्या असतात, त्या फाटकाबाहेरच्या जागेपासून सुरुवात करावी लागेल.